करंटवीराची मागची सीट

सुपरहिरोच्या सिनेमात काम मिळावं म्हणून वयाच्या अकराव्या वर्षी मी अन्नत्याग केला होता. फक्त रात्रीचा. दुपारी शाळेत डबा असायचा, आणि सकाळची चहा-चपाती सोडण्याइतकी मी काही हट्टी नव्हते.

नव्वदचं दशक नुकतंच संपलं होतं आणि कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत केबल आली होती. रविवारी दुपारी परदेशी सुपरहिरोंचे हिंदीत बोलणारे सिनेमे लागत. ते बघून गल्लीतली झाडून सगळी पोरं हिरो व्हायची स्वप्नं बघायला लागली. माझं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. हिरोबरोबर एक लहान पोरगं असायचं ना, त्याच्यावर! अशा पोराला साइडकिक म्हणतात हे मला पुढे कॉलेजात कळलं. आमच्या गल्लीत त्याला 'हिरोसंगटचं पोरगं' म्हणत.

या पोराचा माझा अभ्यास दांडगा होता (गणिताचा तेवढा असता तर आज मी कुठल्या कुठे असते). त्याच्याशिवाय हिरोचं पान हलत नाही हे मी लगेच ओळखलं. एक तर ते सारखं विचारतं, "आता काय करायचं?" म्हणून हिरोला आपला बेत सांगता येतो; नाहीतर एवढा मोठा माणूस एकटाच बडबडत बसला असता आणि लोकांनी धरून त्याला दवाखान्यात नेलं असतं. शिवाय ते पोरगं अगदी वेळेवर पकडलं जातं. व्हिलननं कुणाला बांधून ठेवलंच नाही, तर हिरोनं सोडवायचं कुणाला? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, शेवटी हिरो गाडीवरून निघाला की ते ऐटीत मागच्या सीटवर बसतं. लोक टाळ्या वाजवतात. त्यातल्या निम्म्या त्याच्या!

मला ती मागची सीट हवी होती. बाकी हिरो वगैरे कुणी का होईना!

तर त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या संभाकाकानं जाहीर केलं, "पिक्चर काढायचा!" संभाकाका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. रोज तालमीत जायचा, रोज आरशात दंड बघायचा आणि उरलेल्या वेळात आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, म्हशींचं दूध घालायचा. त्याचा जिवलग दोस्त दिल्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. मुरगूडच्या कुठल्याशा लग्नात दिल्याची एक कॅसेट शेवटी थोडी कोरी राहिली होती. तेवढ्यात आमचा पिक्चर बसवायचा होता. (त्या लोकांना लग्नाची कॉपी काढून दिली होती. निदान दिल्या तसं म्हणत होता.)

गोष्ट साधी होती. अंधारासुर नावाचा राक्षस अख्ख्या कोल्हापूरची लाईट पळवतो आणि करंटवीर ती परत आणतो. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं, त्यामुळे कथा काळजाला हात घालणारी होती. अंधारासुर व्हायला झेरॉक्सच्या दुकानातला बबन तयार झाला. करंटवीर अर्थातच संभाकाका. (आज्जीनं पहिल्याच दिवशी त्याचं 'करंटा वीर' करून टाकलं, ते सोडा.)

"काका, तुझ्यासंगटचं पोरगं कोण हाय?" मी विचारलं.

"बघू की. गल्लीतलं घिऊ कुठलंतरी."

"मी हाय की!"

"तू पोरगी हाईस, वैशे. पोरगं पायजे."

"मी पण 'येतो, जातो'च म्हणतो की!"

हे खरं होतं. कोल्हापुरात पोरीसुद्धा 'मी आलो, मी जेवलो' असंच म्हणतात. (पुढे पुण्याला शिकायला गेल्यावर या एका गोष्टीनं वर्षभर करमणूक झाली. माझी नव्हे, पुण्याची.) पण काका काही बधला नाही. मग सुरुवातीला सांगितलेलं आंदोलन झालं, आणि शेवटी आज्जी मध्ये पडली.

"संभा, घे की रं तिला. पोर निम्मी झाली."

"आई, आत्ता कणीस खात हुती ती माडीवर!"

"घे म्हणतो न्हवं! घरची हाय. च्या पण करून देईल समद्यास्नी!"

माझी निवड अशी चहाच्या जोरावर झाली. पण झाली! मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जाऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात घुसल्या घुसल्या बातमी फोडली.

"शेवटच्या सीनला मी करंटवीराच्या मागं गाडीवर बसणार हाय!"

माझ्या बाकावरची शिल्पा म्हणाली, "हट्! थापा मारत्यास."

"लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी आमच्या दारात टीव्ही लावणार हाईत. ये की बघायला! सगळीजणं या!"

सगळीजणं येतो म्हणाली. आता आकाश कोसळलं तरी मला त्या सीटवर बसणं भाग होतं.

इथे जरा गाडीविषयी सांगायला पाहिजे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. बाहेरगावच्या वाचकांना ही थाप वाटेल, पण म्हशीला घासूनपुसून, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ आणि डोक्याला मोरपीस लावून रस्त्यावर आणतात. मालक मोटारसायकलवर बसतो, सायलेन्सर काढून टाकलेला असतो, आणि तो कानठळ्या बसवणारा आवाज ओळखून म्हैस त्याच्या गाडीमागे धावते. आपल्याच मालकाच्या! शेजारून दुसऱ्याची गाडी गेली तर मान वर करून बघत पण नाही. त्या वर्षी आबांची लाडकी चांदणी पहिल्यांदा पळणार होती. आबांची सगळी इज्जत तिच्यावर लागली होती. काका दोन महिने रोज सकाळी गाडी फडफडवत तिला कारखान्याच्या रस्त्यानं पळवत होता.

करंटवीराची गाडी म्हणून काकानं हीच मोटारसायकल निवडली. सायलेन्सर काढलेलाच होता. "आवाज ऐक आवाज! नाद खुळा!" दिल्या म्हणाला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही म्हणजे पिढ्यान् पिढ्या म्हशी सांभाळणारी माणसं, तरी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

शूटिंग गोठ्यामागच्या आमच्या मळ्यात होतं. काकानं गळ्याभोवती सोलापुरी चादर बांधली होती, डोक्यावर हेल्मेट, आणि हेल्मेटवर चांदीच्या कागदाची वीज. मला पाठीवर पंचा. (कुठल्याही सिनेमात बघा, हिरोचं कापड लांब आणि पोराचं आखूड!) बबननं तोंडाला काजळ फासलं होतं आणि आज्जीची काळी शाल आणि लोकरी स्वेटर असा सगळा ऐवज अंगावर चढवला होता. उतरत्या उन्हातही तो घामानं असा निथळत होता की काजळ ओघळून राक्षसाला मिशा आल्या.

"ऐका," दिल्या कॅमेरा खांद्यावर घेत म्हणाला. "कॅसेट थोडीच हाय. एकदा सुरू केली की थांबायचं न्हाय. चुकलं तरी रेटायचं. माझा कॅमेरा बंद हुणार न्हाय."

सीन असा होता. अंधारासुरानं मला खांबाला बांधलंय. करंटवीर लांबून गाडीवर येतो. मी ओरडते, "करंटवीर, मागं बघा!" कारण अंधारासुर मागून वार करणार असतो. मग मारामारी. करंटवीर मला सोडवतो, मी मागच्या सीटवर बसते आणि आम्ही दोघं मावळतीकडे निघून जातो.

"दोरी कुठं हाय?" बबननं विचारलं.

दोरी कुणीच आणली नव्हती. घरातली एकमेव चांगली दोरी चांदणीच्या गळ्यात होती. परत जायचं तर आबा विचारणार, गाडी कुठं न्हेलीस आणि पेट्रोल कुणाचं.

शेजारी नुकताच ऊस तोडला होता. बांधावर उसाच्या हिरव्यागार शेंड्यांचा, म्हणजे वाढ्यांचा, ढीग पडला होता. बबनला एकदम सुचलं. "ह्याचाच वेढा वळू की! मोळ्या बांधतातच ह्यानं." काकाला कल्पना फार आवडली. दोघांनी मिळून वाढं पिळलं आणि मला पायापासून गळ्यापर्यंत असं गुंडाळलं की खांब दिसेना. मी हिरवीगार झाले. मी इतकी खूश होते की मला उसाची पानं टोचत होती तेही कळलं नाही.

काका गाडी ढकलत लांब गेला. एंट्री जोरदार व्हायला हवी म्हणून तो पार गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला, आणि तिथं त्यानं किक मारली.

फड फड फड फड फडाड!

"ॲक्शन!" दिल्या ओरडला. काका धुरळा उडवत निघाला. चादर मागे फडफडत होती. काय दिसत होता म्हणून सांगू! माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी गोठ्याचा दरवाजा उघडला, म्हणजे पडला, आणि धुरळ्यातून चांदणी बाहेर आली. दावं तुटलं नव्हतं. खुंटाच उपटून आला होता आणि तिच्या मागे टणाटण उड्या मारत होता.

"काका!" मी किंचाळले. "मागं बघ!"

हेल्मेटमधून काकाला आवाज आला असावा, कारण त्यानं हात वर करून मला दाद दिली. त्याला वाटलं, पोरीनं डायलॉग म्हटला, जरा लवकर म्हटला, पण जीव ओतून म्हटला.

"काका, मागं बघ की! चांदणी! चांदणी आली!"

त्यानं अंगठा दाखवला.

बबन मात्र मागे बघत होता. तो झेरॉक्सच्या दुकानातला माणूस, त्याचा आणि जनावरांचा संबंध दूध पिण्यापुरता. समोरून गाडी, गाडीमागे म्हैस, म्हशीमागे खुंटा, हे बघून अंधारासुरानं "आई गं!" अशी आरोळी ठोकली आणि जो उसात घुसला तो घुसलाच. त्याच्यामागे आज्जीची शालही गेली.

दिल्या शूट करत राहिला. लग्नात नवरीची आई बेशुद्ध पडली तरी न थांबणारा माणूस तो! उलट सवयीनं मला म्हणाला, "मान थोडी वर. हसरा चेहरा, हसरा चेहरा."

काकानं माझ्यासमोर कचकन ब्रेक मारला. गाडी थांबली की थांबायचं हे चांदणीला शिकवलेलं होतं, त्यामुळे तीही थांबली. नेमकी माझ्यासमोर. तिनं एक दीर्घ श्वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. नाही, माझ्याकडे नाही. वाढ्याकडे बघितलं.

"काका," मी हळूच म्हणाले, "मला खाईल की रं ही."

"कॅमेरा चालू हाय," काका दातांतल्या दातांत म्हणाला. "रेट."

आणि चांदणीनं पायाकडून सुरुवात केली. खसाक, खसाक! म्हशीची जीभ म्हणजे ओली कानस. पोटरीला लागली आणि मला जे हसू फुटलं! साइडकिकनं कैदेत हसायचं नसतं, एवढं मला कळत होतं. म्हणून मी हसत हसत ओरडायला लागले, "वाचवा! हीहीही! वाचवा!" काका रिकाम्या उसाकडे बोट दाखवून गरजत होता, "अंधारासुरा, भायेर ये! कोल्हापूरची लाईट दे!" उसातून आवाज आला, "आधी म्हस बांध, मग देतो!"

चांदणी गुडघ्यापर्यंत आली. कमरेपर्यंत आली. व्हिलननं बांधलेले हिरोच्या साथीदाराचे पाश ती स्वतः, एकेक करून, चवीनं सोडवत होती. माझा एक हात मोकळा झाला. आता फक्त छातीवरचा वेढा राहिला होता आणि पुढे ती सीट होती! मी तिला अक्षरशः भरवायला लागले. "खा गं बाई, खा लवकर!"

एवढ्यात दिल्या ओरडला, "कॅसेट संपत आली! शेवटचा सीन घ्या!"

काकानं किक मारली. फडफड सुरू झाली. काकानं कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघितलं, आणि मागची सीट भरली की नाही हे न बघताच गाडी सोडली. चांदणीनं तोंडातला घास तसाच ठेवून त्याच्यामागे धाव घेतली. तिच्या तोंडात घासाबरोबर माझा पंचाही होता. पुढे करंटवीर, मागे फडफडता पंचा घेतलेली म्हैस, समोर मावळता सूर्य. दिल्याचा कॅमेरा त्यांच्यामागे वळत गेला. मी खांबाला अर्धी बांधलेली, एका हातानं "काका, मी ऱ्हायलो! मी ऱ्हायलो!" म्हणत होते.

टक्. कॅसेट संपली.

रस्त्यावर आबांनी ही जोडी येताना बघितली. आता काकाचं काही खरं नाही असं मला वाटलं. पण आबांचे डोळे भरून आले होते. "काय पळती रं माझी चांदणी! आता पाडव्यापातुर तिला इसावा द्या. काय शिकवायचं न्हाय ऱ्हायलं!"

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दारात टीव्ही लावला. गल्ली भरली. माझा वर्ग पुढच्या सतरंजीवर. सुरुवातीला मुरगूडच्या लग्नातले आहेर थोडा वेळ दिसले, मग पिक्चर सुरू झाला. माझे सगळे डायलॉग गाडीच्या फडफडाटाखाली गाडले गेले होते. चांदणी गोठ्यातून बाहेर आली तशी पहिली शिट्टी पडली. बबन पळाला, दुसरी शिट्टी. ती मला सोडवायला लागली तेव्हा लोक उभे राहिले. आणि शेवटी ती पंचा फडकवत करंटवीरामागे निघाली तेव्हा अशा टाळ्या पडल्या, अशा टाळ्या पडल्या, की समोरच्या घरातली माणसं आरती सोडून बघायला आली.

शिल्पा माझ्याकडे वळली. "तू कुठं बसलीस गाडीवर?"

मला रडू आलं. खरंच आलं. मी आत जाऊन दोन करंज्या खाल्ल्या, तरी थांबेना.

पाडव्याला सगळं बावडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. हलगी कडाडत होती. चांदणी नटून, मोरपीस लावून आली तेव्हा पोरं ओरडली, "करंटवीराची म्हस! करंटवीराची म्हस!" आबांनी मिशीला पीळ दिला. काकानं किक मारली, गाडी फडफडली आणि सुसाट निघाली.

चांदणी जागची हलली नाही.

काका वळून परत आला. पुन्हा निघाला. चांदणी शेपटी हलवत उभी. ती इकडे बघे, तिकडे बघे, जणू कुणाची तरी वाट बघत होती. लोक हसायला लागले. आबांचा चेहरा पडला, मिशीचा पीळ सुटला. मला इतकं वाईट वाटलं की मी स्वतःचं दुःख विसरले.

"परवा कशी वाऱ्यावाणी आली रं?" आबा हताश होऊन म्हणाले. "आज काय झालं हिला?"

दिल्या डोकं खाजवत म्हणाला, "आबा, परवा म्होरं वैशी हुती. वाढ्यात. त्याची चटक लागली हिला."

मग एकेक मान माझ्याकडे वळली. आबांनी मला आपादमस्तक बघितलं, बाजारात वैरणीची पेंढी बघतात तसं.

"वाढं आणा," आबा म्हणाले.

पुढचं सगळं भराभर झालं. पाठीला वाढ्याची भली मोठी मोळी बांधली, कमरेला वेढे घातले, दिवाळीचा नवा फ्रॉक दिसेनासा झाला, आणि आबांनी स्वतःच्या हातांनी मला उचललं आणि बसवलं. कुठे? काकाच्या मागे! मागच्या सीटवर!

"धर घट्ट," काका म्हणाला.

फड फड फड फडाड! आणि चांदणी निघाली! अशी निघाली की पुढची पोरं बाजूला उड्या मारू लागली. शिंगं माझ्या पाठीला लागतायत की काय असं वाटत होतं. मागून खसाक खसाक आवाज येत होता, मोळी हलकी होत होती, हलगी घुमत होती, आबा टोपी उडवत होते, आणि मी? मी दोन्ही बाजूंना हात हलवत होते! अख्खं बावडं टाळ्या वाजवत होतं. निम्म्या माझ्या, असा मी हिशेब केला.

सुट्टी संपून शाळा उघडली. मी वर्गात शिरले ती मानेला झटका देऊनच. शिल्पाजवळ गेले.

"बसलो का न्हाय गाडीवर?"

"बसलीस," शिल्पा म्हणाली. "पण मला एक सांग. ती म्हस करंटवीराच्या मागं पळत हुती का तुझ्या?"

"माझ्या!" मी छाती काढून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. "त्याच्यामागं तर जागची हलंना!"

वर्ग हसला. मीही हसले, सगळ्यांत जास्त. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत पोरं मला बघून हंबरायला लागली, आणि हा चाहतावर्ग नाही हे मला कळेपर्यंत दहावीचा निकाल लागला होता.